'खरा मी' सापडत का नाही?

बारावीनंतर घरच्यांच्या आग्रहाने इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षात अडखळतो आणि विचारतो, "हे माझं नाहीच, मग मी कोण?" समाजमाध्यमांवर त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: तुझ्या आत खोलवर 'खरा मी' दडलाय, तो शोध. माझा आक्षेप या उत्तरालाच आहे. मुलं शोधत राहतात आणि काही सापडलं नाही की आपल्यातच खोट आहे असं समजून खचतात. मेंदूच्या अभ्यासकांना आत असा तयार 'मी' काही आढळलेला नाही. आढळली आहे ती 'मी'ची गोष्ट सतत रचत राहणारी एक यंत्रणा, आणि तिचा शोध कसा लागला ते मुळातून सांगण्यासारखं आहे.

अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, औषधांनी आटोक्यात येत नसेल, तर काही रुग्णांवर एक शस्त्रक्रिया करत. मेंदूचे डावा आणि उजवा हे दोन गोलार्ध जोडणारा, सुमारे 20 कोटी तंतूंचा जुडगा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. तो कापला की झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरत नाही, पण एका गोलार्धाला दिसलेलं दुसऱ्याला कळतही नाही. अशा रुग्णांवरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 चं नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी जोसेफ लेडू यांच्यासह 1970 च्या दशकात पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अशाच एका किशोरवयीन रुग्णावर प्रयोग केला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो, असं सरसकट नसतं. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू वाटेत बाजू बदलतात, कानाकडच्या अर्ध्यातले बदलत नाहीत. म्हणून नजर मधल्या ठिपक्यावर खिळवली, की ठिपक्याच्या डावीकडचं सगळं दृश्य, दोन्ही डोळ्यांतून, उजव्या गोलार्धात जातं आणि उजवीकडचं डाव्यात. बोलणं बहुतेकांत डावा गोलार्ध सांभाळतो. उजवा हात डाव्या गोलार्धाच्या ताब्यात, डावा हात उजव्याच्या.

पी. एस.ला ठिपक्याच्या उजवीकडे कोंबडीचा पंजा आणि डावीकडे बर्फाने झाकलेलं घर, असं क्षणभर दाखवलं. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. दोन्ही निवडी बरोबर होत्या. फावडं का, असं विचारल्यावर उत्तर द्यायचं होतं डाव्या गोलार्धाला आणि त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. "माहीत नाही" असं उत्तर आलं नाही. तो लगेच म्हणाला, पंजा कोंबडीचा आहे आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं! तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मेंदूने हाती आलेल्या तुकड्यांतून कारण रचलं आणि त्यालाही ते खरंच वाटलं. या यंत्रणेला गॅझानिगा 'इंटरप्रिटर', म्हणजे अर्थ लावणारा, असं म्हणतात.

हे आजारी मेंदूपुरतंच असेल? 2005 साली स्वीडनमधल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना दोन चेहऱ्यांतून आवडता निवडायला लावला आणि हातचलाखीने नको असलेला फोटो हातात ठेवला. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. उलट न निवडलेला चेहरा का आवडला, याची कारणं लोकांनी मनापासून दिली.

राशीवरून स्वभाव पटतो तोही याच सवयीमुळे. बर्ट्रम फोरर यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्गातल्या सर्वांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर दिला, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मोघम वाक्याला आपल्या आयुष्यातले पुरावे आपणच पुरवतो. मोबाइलवरच्या 'तुमचा पर्सनॅलिटी टाइप' चाचण्यांच्या आहारी जाऊन कुणी शाखा किंवा जोडीदार निवडू नये, ही माझी कळकळीची विनंती.

ओळख डळमळते तेव्हा, मला वाटतं, 'मी'ची ही गोष्ट तुटलेली असते. घटना पुढे गेलेल्या असतात आणि जुनं कथानक त्यांना सामावून घेत नाही. ते नव्याने बांधायला लिहिणं उपयोगी पडतं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. पुढच्या विश्लेषणांत असंही दिसलं, की 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' असे शब्द ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक वाढत गेले, त्यांना फायदा अधिक झाला. परिणाम माफक आहे आणि सगळ्यांना सारखा होत नाही. तरी त्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला मी हेच सुचवेन: "मी कोण" हे लिहू नकोस. इंजिनीअरिंगला कसा आलास, कोणता विषय नकोसा झाला, कोणत्या कामात वेळ कळत नाही, ते प्रसंगांसकट लिही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, तेही विनामूल्य.