नभोवाणी केंद्र : प्रक्षेपणक्षेत्राचा विस्तार व परवानगी (गोवा)

स्थानिक नभोवाणी केंद्राचा (येथे मुख्यतः सामुदायिक रेडिओचा) कार्यक्रम मूळ परवानगीत धरलेल्या टापूच्या पलीकडे ऐकू जावा, यासाठी केंद्र सरकारकडून घ्यावी लागणारी मंजुरी. बोलण्यात तिला ‘रेंज वाढवून घेणे’ म्हणतात. परवान्यात मात्र रेंज नावाची गोष्ट मंजूर होत नाही. तेथे प्रक्षेपकाची शक्ती, अँटेनाची उंची, तिची जागा आणि कंप्रता (फ्रिक्वेन्सी) एवढेच लिहिलेले असते. आवाज किती लांब जाईल हे या चार गोष्टींवरून आणि मधल्या जमिनीवरून ठरते. प्रसारण हा राज्यघटनेच्या संघसूचीतील (नोंद ३१) विषय असल्याने गोवा राज्य शासनाला ही मंजुरी देता येत नाही. मनोरा उभारताना स्थानिक संस्थांचा संबंध येतो तो बांधकामापुरता.

पूर्वपीठिका : गोव्यात नियमित नभोवाणी पोर्तुगीज अमदानीत ‘एमिसोरा द गोवा’ या केंद्रापासून सुरू झाली. तिचा आरंभ सामान्यतः १९४६ मधला मानतात व प्रस्तुत नोंदीत तोच ग्राह्य धरला आहे. मुक्तिलढ्याच्या काळात २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून आणि नंतर कॅसलरॉक भागातून एक गुप्त केंद्र चालत होते. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नावाने कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून त्याचे प्रसारण होई. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी ते १९६१ पर्यंत नेटाने चालवले. हे प्रक्षेपण गोव्याच्या हद्दीबाहेरून गोव्यासाठी होते. प्रक्षेपक कोठे आहे आणि श्रोता कोठे आहे हे दोन प्रश्न वेगळे असल्याचे याहून बोलके उदाहरण या प्रदेशात दुसरे नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी केंद्रावर हल्ला केला. मुक्तीनंतर पणजी केंद्र आकाशवाणीकडे आले.

कायदेशीर आधार : भारतीय तार कायदा (१८८५) आणि बिनतारी तारायंत्र कायदा (१९३३) हे दीर्घकाळ या परवान्यांचे मूळ राहिले. त्यांची जागा आता दूरसंचार अधिनियम २०२३ घेत असून त्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून अमलात आली. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या बिनतारी लहरी (एअरवेव्ज) ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. सामुदायिक रेडिओचे (स्थानिक समुदायासाठी संस्थेने चालवलेल्या छोट्या केंद्राचे) धोरण २००२ मध्ये शिक्षणसंस्थांपुरते आले. २००६ मध्ये ते स्वयंसेवी संस्था व कृषिविज्ञान केंद्रांनाही खुले झाले. विस्ताराच्या प्रश्नाचा गाभा २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. नभोवाणी केंद्र ५ ते १० किमी. टापूत ऐकू यावे अशी त्यांत अपेक्षा धरली आहे आणि त्यासाठी १०० वॉट परिणामी प्रारित शक्ती (अँटेनाचा परिणाम धरून मोजलेली प्रक्षेपणशक्ती) पुरेशी मानली आहे. अधिक क्षेत्राची गरज सिद्ध झाल्यास, किंवा भूप्रदेशच तसा असल्यास, २५० वॉटपर्यंतची मागणी प्रकरणपरत्वे विचारात घेता येते. त्यासाठी माहिती व प्रसारण सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीची मान्यता लागते. शिवाय कंप्रता उपलब्ध असावी लागते. अँटेना जमिनीपासून १५ मीटरपेक्षा खाली नको आणि ३० मीटरपेक्षा वर नको.

‘५ ते १० किमी.’ हे शब्द नेमके काय आहेत, मर्यादा की अपेक्षा, यावर दोन वाचने संभवतात. अर्जात गावांची नावे देऊन क्षेत्र स्पष्ट करावे लागते. म्हणून ती यादीच परवानगीची हद्द, असे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनाप्रमाणे यादी ही समुदायाची ओळख असते आणि बंधनकारक ठरतात ते परवान्यातील तांत्रिक आकडे. दुसरे वाचन अधिक सयुक्तिक वाटते. लहर गावाची शीव ओळखत नाही, आणि मंजूर शक्तीच्या आत राहून यादीबाहेरच्या गावात ऐकू आलेल्या आवाजाला उल्लंघन म्हणणे तर्काला धरून होत नाही. तथापि अँटेनाची जागा ठरवताना पहिले वाचन प्रभावी ठरते. स्वयंसेवी संस्थेची अँटेना ती ज्या समुदायाची सेवा करणार त्याच्या क्षेत्रातच हवी, आणि शिक्षणसंस्थेची तिच्या मुख्य आवारातच. ज्या महाविद्यालयाचे आवार नदीकाठच्या खळग्यात आहे, त्याला समोरच्या पठारावर जाण्याची मुभा नाही.

परिणामी प्रारित शक्ती म्हणजे प्रक्षेपकाच्या शक्तीतून केबलमधील क्षय वजा करून उरलेली शक्ती गुणिले अँटेनाची लब्धी (गेन). ५० वॉटचा प्रक्षेपक आणि शक्ती दुप्पट करणारी अँटेना जोडली की १०० वॉट भरतात. ‘आमचा ट्रान्समीटर पन्नासचाच आहे, शंभरचा घेऊ या’ असे म्हणणाऱ्या संस्थेने बहुधा आपली मर्यादा आधीच गाठलेली असते.

गोव्याची जमीन : राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. आहे. १० किमी. त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ३१४ चौ. किमी. भरते, म्हणजे राज्याचा जेमतेम बारावा हिस्सा. किनाऱ्यावरच्या केंद्राचे यातले अर्धे वर्तुळ अरबी समुद्रावर पडते. समुद्राकडे जाणारी ऊर्जा दिशिक अँटेनाने जमिनीकडे वळवावी, हा पहिला विचार कोणाच्याही मनात येतो. पण परिणामी प्रारित शक्ती मोजतात ती सर्वाधिक प्रारणाच्या दिशेने. त्यामुळे अशा अँटेनाने विजेची बचत होते, १०० वॉटची मर्यादा मात्र तिथेच राहते आणि पल्ला वाढत नाही.

पूर्वेकडे अडचण दुसरीच आहे. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. ३० मीटर उंचीच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज (लहर अडथळ्याविना पोचू शकते ते अंतर) सपाटीवर सुमारे २३ किमी. येते. तीच अँटेना ६० मीटर उंचीच्या पठारावर चढवली तर खालच्या सखल भागासाठी ते सुमारे ३९ किमी. होते. नियमातली उंची जमिनीपासून मोजली जाते, समुद्रसपाटीपासून नव्हे. म्हणून आल्तिनो, पर्वरी, बांबोळी यांसारख्या पठारी जागांना मोल आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत मात्र क्षितिजाचा हिशेब कोलमडतो. तेथे डोंगराची सावली पडते. वाळपईहून केरीमार्गे चोर्ला घाट चढू लागले की गाडीतल्या रेडिओवरचे गाणे एका वळणावर खरखरते, पुढच्या वळणावर स्वच्छ लागते, तिसऱ्यावर पुरते बुडते. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) घरात रेडिओ खिडकीच्या एका ठरावीक कोपऱ्यातच ठेवलेला असतो, आणि घरातले सगळे जण तो कोपरा जाणतात. अशा ठिकाणी शक्ती अडीचपट केल्याने काय साधते? १०० चे २५० वॉट म्हणजे ४ डेसिबलची वाढ. मोकळ्या अवकाशात तिने पल्ला दीडपटीहून थोडा जास्त होतो. डोंगराआड त्याहून पुष्कळ कमी.

याच्या तुलनेत एक साधा उपाय दुर्लक्षित राहतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ग्रामीण भागात समाधानकारक श्रवणासाठी स्टीरिओ प्रसारणाला ५४, तर मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) प्रसारणाला ४८ डेसिबल (मीटरला १ मायक्रोव्होल्टच्या सापेक्ष) क्षेत्रतीव्रता, म्हणजे त्या जागी पोचलेल्या लहरीचे बळ, पुरते. हा ६ डेसिबलचा फरक शक्ती चौपट करण्याइतका आहे. शेतीविषयक गप्पा, आरोग्याची माहिती, भजन, धालोची गाणी यांना मोनो पुरेसे असते. ज्या केंद्राला अधिक गावे गाठायची आहेत त्याने समितीकडे जाण्याआधी हा बदल करून पाहावा असे आग्रहाने म्हणावेसे वाटते; त्यासाठी शक्ती वाढवावी लागत नाही, मनोराही हलवावा लागत नाही.

मंजुरीची वाट : प्रसारणाची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देते. कंप्रता व चालन-परवाना दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून मिळतो. जागा किंवा उंची बदलली की ‘सॅकफा’ या कंप्रता-वाटपविषयक स्थायी सल्लागार समितीची मान्यता पुन्हा घ्यावी लागते. मंत्रालयाकडील अर्ज ‘ब्रॉडकास्ट सेवा’ व दूरसंचार विभागाकडील ‘सरल संचार’ या संकेतस्थळांवरून जातात.

अर्जात अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे, सेकंदांत भरायचे असतात. एका सेकंदाची चूक अक्षांशात सुमारे ३१ मीटर होते. गोव्याची पठारे कडेला एकदम तुटतात. ३१ मीटर सरकलेला बिंदू नकाशावर कधी कड्याखालच्या उतारावर पडतो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जमिनीशी जुळत नाही. जागेवर उभे राहून घेतलेले मोजमाप म्हणूनच महत्त्वाचे.

‘सिद्ध गरज’ कशाने सिद्ध होते याची व्याख्या तत्त्वांत नाही. गावोगाव मोजलेली क्षेत्रतीव्रता, उंचीचे छेदचित्र, आणि त्या गावांतील लोक कार्यक्रमांत कसे सहभागी होतील याचा आराखडा, ही त्रयी सर्वांत पटणारी. कार्यक्रमांतील निदान निम्मा आशय स्थानिक सहभागातून यावा आणि भाषा शक्यतो स्थानिक असावी, अशी अट आहेच. सत्तरीची मराठी वळणाची बोली आणि सासष्टीची कोंकणी एकाच केंद्रावर ऐकवायची असेल, तर नव्या टापूतले बोलणारेही आत आले पाहिजेत. ज्या गावांना आवाज पोचत नाही, तेथूनच पुरावा जमवायचा असतो आणि तो जमवण्याची साधने छोट्या संस्थेकडे क्वचितच असतात; गरज सिद्ध करण्याची ही अट डोंगरी तालुक्यांवर अन्याय करते.

विमानतळ : एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथूनच विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा पट्टा सुरू होतो. दाबोळीचा तळ नौदलाकडे आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ असल्याने मुरगाव आणि पेडणे तालुक्यांच्या आसपास मनोऱ्याची उंची व कंप्रता या दोहोंची छाननी अधिक काटेकोर होणे स्वाभाविक आहे. १०७.८ सारखी पट्ट्याच्या टोकाची कंप्रता असेल तर विशेषच.

२०२४ चे फेरबदल : फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित तत्त्वांनी पहिल्या परवानगीची मुदत दहा वर्षे केली, जाहिरातीचा वेळ तासाला ७ वरून १२ मिनिटे केला आणि १० सेकंदांचा दर ५२ वरून ७४ रुपये केला. अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत सहापर्यंत केंद्रे उभारता येतात. उत्तर व दक्षिण गोव्यात काम असलेल्या संस्थेला एकच केंद्र ताणण्यापेक्षा दुसरे उभे करणे हा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

इतर केंद्रे : आकाशवाणी पणजीचे १२८७ किलोहर्ट्झवरील मध्यमलहरी प्रक्षेपण १०० किलोवॉट क्षमतेचे. मध्यमलहरी जमिनीच्या अंगाने वाकत जात असल्याने त्या डोंगराआडही पोचतात. खाजगी एफएम वाहिन्यांची (९१.९, ९२.७ व ९८.३ मेगाहर्ट्झ) शक्ती शहराच्या वर्गवारीनुसार ठरते.

राज्याची सीमा हा तांत्रिक निकष नाही. पेडणे तालुक्यातील केंद्राचा आवाज बांदा-दोडामार्गकडे सहज जातो. तेरेखोल हे गाव गोव्याचे, पण नदीच्या उत्तर तीरावर, जमिनीने महाराष्ट्राला जोडलेले. पेडणे तालुक्यातील केरीच्या (सत्तरीतले केरी वेगळे) किनाऱ्यावरून निघालेल्या लहरीला तेथे पोचण्यासाठी फक्त नदीचे मुख ओलांडावे लागते.