शंभरचा पट आणि शाळेतले खेळ-चित्र-हस्तकला: एक पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला आणि २०२४-२५ पासून पहिली ते आठवीच्या मुलांना ‘आनंददायी शनिवार’ मिळाला. प्राणायाम, योग, खेळ, रस्ता सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन, रोजच्या व्यवहारातले पैशांचे नियोजन असे विषय त्यात आहेत. कल्पनेला कुणाचा विरोध नव्हता. शिक्षकांच्या परिषदेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रश्न आला तो एवढाच, की हे घेणार कोण? प्रश्न जुना आहे. प्रत्येक पिढीत त्याचे उत्तर ‘वर्गशिक्षक’ असेच कसे येत गेले, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

आधी नावांबद्दल थोडे. या उपक्रमांना कुणी अभ्यासेतर म्हणतात, कुणी अभ्यासपूरक, कुणी सहशालेय. डी.एड.च्या वर्गात यांतला फरक पाठ करून लिहावा लागे. ‘अभ्यासेतर’ म्हटले की गोष्ट अभ्यासाच्या बाहेर पडते, वेळ उरला तर करायची होते. ‘अभ्यासपूरक’ म्हटले की ती अभ्यासाच्या मदतीला येते. ‘सहशालेय’ म्हटले की शाळेच्या बरोबरीने उभी राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कठोर फाळणीच नको, असे म्हटले. कागदावर ही फाळणी त्याच्याही आधीपासून नव्हती, कारण कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे प्राथमिक शाळेत विषय आहेत, छंद नव्हेत. त्यांना वेळापत्रकात तासिका आहेत आणि प्रगतिपत्रकात रकाना आहे. शिक्षक मात्र नाही, आणि या लेखाचा विषय ती रिकामी जागा आहे.

जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, तेव्हा त्याची उजळणी थोडक्यात करतो. औंध संस्थानात शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योगाभोवती, म्हणजे एखाद्या हातकामाभोवती, गुंफलेल्या शिक्षणाची योजना निघाली आणि टकळी-चरखा वर्गात आला. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी शाळांच्या फलकावर आजही ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे लिहिलेले दिसते, ती त्या काळाची खूण आहे. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने कार्यानुभव हा शब्द रुजवला, पुढे १९७७ च्या सुमारास समाजोपयोगी उत्पादक कार्य हे लांबलचक नाव आले. नावे बदलली तरी करून घेणारा माणूस तोच राहिला. गणित शिकवणाऱ्या गुरुजींनीच सूत कातायला शिकवले, त्यांनीच पुढे कागदाची फुले करून घेतली.

यात काही वाईट होते असे मला वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांनी या वर्गशिक्षकाच्या बळावर फार मोठे काम उभे केले. परिपाठात रोज एक मूल पुढे येऊन दिनविशेष सांगते, दुसरे बोधकथा सांगते. माइक हातात धरण्याची पहिली वेळ बहुतेकांची तिथलीच. बालसभा, शालेय मंत्रिमंडळ, हस्तलिखित, भित्तिपत्रक, परसबाग, क्षेत्रभेट, बाल आनंद मेळावा ही सगळी यादी वेगळ्या पैशाशिवाय आणि वेगळ्या माणसाशिवाय चालत आली. आनंद मेळाव्यात तिसरीतली मुलगी दहा रुपयांना भेळेची पुडी विकते आणि सुट्टे परत देताना बोटांवर वजाबाकी करते, तेव्हा तिथे कोणता विषय चालू आहे हे ठरवणे अवघड असते.

केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. दहा-बारा शाळांचे एक केंद्र. डिसेंबरच्या थंडीत मैदानावर फक्कीने कबड्डीची आखणी झालेली असते, ओळी कुठे जाड तर कुठे पुसट. मुले टेम्पोतून किंवा गुरुजींच्या मोटारसायकलवरून येतात. खो-खोच्या खांबांना गावातल्या सुताराने रंधा मारलेला असतो. लेझीमच्या जोड्या पत्र्याच्या पेटीतून निघतात. त्यांतल्या काहींच्या चकत्या गळालेल्या असतात, त्या जागी कुणीतरी तार ओवलेली असते. केंद्रात जिंकलेला संघ बीटला (काही केंद्रांच्या गटाला), मग तालुक्याला, मग जिल्ह्याला जातो. वाडीवरच्या मुलाला तालुक्याचे गाव पहिल्यांदा दिसते ते अनेकदा याच वाटेने. हलगी वाजवणारा पालकच असतो आणि पंचही शिक्षकच असतात. ही व्यवस्था जिल्हा परिषदांनी वर्षानुवर्षे टिकवली. तिला जे हवे होते ते एक प्रशिक्षित माणूस, आणि २००९ च्या कायद्यात तो माणूस मिळेल असे वाटले होते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम २९ मध्ये सर्वांगीण विकास आणि कृती, शोध व खेळातून शिकणे यांचा उल्लेख आहे. शाळेला मैदान हवे, ग्रंथालय हवे, खेळाचे साहित्य हवे, हे परिशिष्टात आले. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी एक तरतूद आहे: पट, म्हणजे मुलांची संख्या, शंभरच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण या तीन विषयांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे ते विषय शिकवणारे अर्धवेळ शिक्षक.

हा ‘शंभर’ पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे, म्हणून त्याकडे सावकाश पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे पहिली ते पाचवीसाठी अशा निदेशकाची तरतूदच नाही. सहा वर्षांच्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक लागत नाही, असे कायदा म्हणत नाही. तो त्याबद्दल गप्प आहे. राज्यांनी आपल्या पैशातून नेमायला हरकत नव्हती. काही महानगरपालिकांच्या शाळांत चित्रकला, संगीत आणि शारीरिक शिक्षणाचे वेगळे शिक्षक पूर्वीपासून होते. ग्रामीण भागात मात्र कायद्याची किमान अट हीच कमाल मर्यादा झाली.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या रचनेची आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळा पहिली ते चौथी किंवा पहिली ते सातवी अशी वाढली, आणि आठवी हायस्कुलात गेली. कायद्याला अभिप्रेत पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी ही विभागणी त्यावर नीट बसत नाही. सातवीपर्यंतच्या शाळेत शंभरचा पट मोजायला सहावी आणि सातवी असे दोनच वर्ग हाती उरतात. म्हणजे एकेका वर्गात पन्नासहून अधिक मुले हवीत. शाळेचा एकूण पट दोनशे असला तरी हे जमत नाही. आमच्या तालुक्यात मोठ्या गावांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शाळा सोडल्या, तर या चाळणीतून कुणी उतरत नव्हते.

तिसरी गोष्ट वाचनाची. शंभर ही संख्या पूर्ण शाळेची धरायची की फक्त वरच्या वर्गांची, याबद्दल कला आणि क्रीडा शिक्षकांच्या संघटना सुरुवातीपासून भांडत होत्या. ही अट सहावी ते आठवीच्या रकान्यातली आहे, त्यामुळे प्रशासनाने त्याच वर्गांची मुले मोजली. अक्षराला धरून पाहिले तर प्रशासनाचे वाचन चुकीचे म्हणता येणार नाही. पण ज्या कायद्याचे कलम २९ ‘सर्वांगीण’ म्हणते, त्याच कायद्याचे परिशिष्ट नव्याण्णव मुलांच्या शाळेला चित्रकला शिक्षक नाकारते, हे मला आजही पटत नाही.

पट पुरेसा होता तिथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. निदेशक अंशकालीन होते, मानधनावर होते, नेमणुकीची मुदत वर्षापुरती होती. आर्ट टीचर डिप्लोमा किंवा बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलेली गावातली तरुण मुले-मुली या कामाला आली. ती होती तेव्हा शाळेत फरक दिसला. रांगोळीपलीकडे ठसेकाम आले, मातीकाम आले, धावण्याच्या शर्यतीपलीकडे लांब उडीचा खड्डा खणला गेला. मग मानधनाचा प्रश्न आला, पुनर्नियुक्तीचा आला आणि प्रकरणे न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०१५ च्या निर्णयात त्यांच्या जागी ‘अतिथी निदेशक’ हा शब्द आला, आणि मानधन तासिकेमागे ५० रुपये ठरले. दोन वर्षांची पदविका घेतलेला माणूस पन्नास रुपयांच्या तासिकेसाठी एसटीने वीस किलोमीटर येणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या मुलांपैकी कुणी पुढे नावांच्या पाट्या रंगवू लागले, कुणी खासगी इंग्रजी शाळेत लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याचे, सुधारित निकष आले होते. पट आणि पदे यांची नव्याने मोजणी झाली, शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांना दुसऱ्या शाळांत पाठवण्याच्या, म्हणजे समायोजनाच्या, याद्या लागल्या. अशा वेळी विशेष शिक्षकाचा विषय काढणेही अवघड होते. आहे त्या शिक्षकाचे पद वाचवण्यातच सगळ्यांची शक्ती गेली.

या काळात मूल्यमापनाच्या बाजूने मात्र उपक्रमांचे महत्त्व वाढतच होते. ऑगस्ट २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाची लेखी परीक्षा नाही. सगळे गुण आकारिक, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणातून द्यायचे. प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने आले. विचार उत्तम होता. प्रत्येक मुलाकडे नीट पाहा, असे शिक्षकाला सांगणारा हा कागद होता. पण पन्नास मुले, दोन सत्रे, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, असा हिशेब झाला आणि दुकानांत ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाच्या तयार पुस्तिका आल्या. ‘चित्रे आवडीने काढतो’, ‘खेळात उत्साहाने भाग घेते’ ही वाक्ये एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. मी स्वतः मार्चअखेर रात्री बसून अशा नोंदी लिहिल्या आहेत, आणि एखाद्या मुलाबद्दल खरे वाक्य सुचले की किती बरे वाटायचे तेही आठवते.

पुढे पाठ्यपुस्तक मंडळाने तिन्ही विषय एकत्र गुंफून ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढले. कागद दुमडण्याच्या कृती, पारंपरिक खेळ, तालवाद्ये, घरातली छोटी कामे त्यात आहेत. विशेष शिक्षक नसेल तर वर्गशिक्षकाच्या हातात निदान एक आधार हवा, ही गरज या पुस्तकाने बऱ्यापैकी भागवली. २०१५ नंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून शिकते या विचाराची, लाट आली. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, परत येऊन त्यांनी वर्गाची फरशी रंगवली, गोट्या-काड्या-चिंचोके पुन्हा वर्गात आणले. खेळ आणि अभ्यास यांतली भिंत त्या दोन-तीन वर्षांत खरोखर पातळ झाली होती.

पैशाचे एक वाक्य सांगून पुढे जातो. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये क्रीडा अनुदान ठरले, उच्च प्राथमिकला १०,०००. त्यातून चेंडू, दोऱ्या, रिंगा येतात. शिकवणारा येत नाही.

दरम्यान शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी ही रिकामी जागा बाजाराने भरली. छंदवर्ग, अबॅकस, कराटे, नृत्याचे वर्ग, उन्हाळी शिबिरे आली, आणि खासगी शाळांच्या माहितीपत्रकात खेळाचा शिक्षक व संगीताचा शिक्षक आधी छापले जाऊ लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल काढताना पालक इंग्रजीचे कारण सांगतात, पण बोलत बसले की दुसरे कारणही निघते. ‘तिकडे डान्स आहे, स्केटिंग आहे, इकडं काय हाय?’ हे मी एका आईकडून शाळेच्या पायरीवर ऐकले आहे. पट कमी होण्याचे ते एकमेव कारण नसेल, पण ते कारण आहे.

आता या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा टप्पा. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा होत्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्या एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही उदाहरणे समोर ठेवली गेली. समूह शाळेच्या बाजूने जो युक्तिवाद होतो, त्यात खेळ आणि कला ठळकपणे येतात. बारा मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, समूहगीत उभे राहत नाही, स्पर्धा नाही, विशेष शिक्षक देणे परवडत नाही. यातले प्रत्येक विधान खरे आहे. पण लहान शाळेला विशेष शिक्षक न देण्याचा निकष आपणच २०१० पासून पाळला, आणि आता तो शिक्षक नसणे हेच शाळा हलवण्याचे कारण म्हणून पुढे येते. फिरत्या निदेशकाचा पर्याय, म्हणजे एका केंद्रातल्या दहा शाळांसाठी एक कला आणि एक क्रीडा शिक्षक आठवड्याच्या ठरल्या वारी जाईल अशी व्यवस्था, शिक्षकांनी अनेकदा सुचवली. केंद्राचा एकत्र पट धरला तर शंभरची अट सहज पूर्ण होते. शाळेऐवजी केंद्र हे एकक धरायला निकष बदलावा लागेल, आणि मधल्या काळात निकष बदलले ते दुसऱ्याच दिशेने.

ज्या मार्च २०२४ मध्ये आनंददायी शनिवारचा निर्णय झाला, त्याच मार्चमध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर त्या गटाला शिक्षकाचे पदच नाही, अशी त्यातली तरतूद होती. त्यावरून मोर्चे निघाले, याचिका झाल्या. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हे जुने प्रमाण आहेच. त्यातले एक गुरुजी शनिवारी केंद्रावर अहवाल घेऊन गेलेले असतात. दुसऱ्या बाई चारही वर्गांना अंगणात घेऊन बसतात, आधी प्राणायाम, मग गोष्ट, मग पत्र्याच्या पेटीतल्या लेझीम. मुले एकोणीस आणि लेझीम अकरा, म्हणून आळीपाळीने.