निवडणूक वादचर्चांचे प्रक्षेपण आणि दूरचित्रवाणी केंद्रांचे दायित्व

निवडणुकीतील उमेदवारांच्या जाहीर वादचर्चा, म्हणजेच ‘डिबेट’, दाखवणे हे दूरचित्रवाणी केंद्रांचे कर्तव्य आहे की नाही, हा अमेरिकेच्या प्रसारण-कायद्यातला जुना वाद आहे. कायद्याचे उत्तर एका शब्दात सांगता येते: नाही. पण ज्या कायद्यातून हे उत्तर निघते, तोच कायदा केंद्रांना लोकहिताचे विश्वस्त मानतो, उमेदवारांना वेळ विकायला भाग पाडतो आणि एका उमेदवाराला दिलेली संधी त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही द्यायला लावतो. वादचर्चेच्या अवतीभवतीच्या बहुतेक गोष्टींना नियम आहेत. वादचर्चा दाखवलीच पाहिजे, असा नियम मात्र नाही. शिवाय समान वागणुकीचा नियम जेव्हा जेव्हा कडक झाला, तेव्हा वादचर्चा बंद पडल्या आणि तो सैल झाल्यावर त्या परत आल्या, असे या विषयाचा इतिहास सांगतो.

परवाना आणि त्याची अट

अमेरिकेत दूरचित्रवाणीचा परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) हा आयोग देतो. त्याची मुदत आठ वर्षांची असते. बहुतेक केंद्रांना लहरी लिलावात बोली न लावताच मिळाल्या आहेत. त्या बदल्यात केंद्राने ‘सार्वजनिक हित, सोय आणि गरज’ सांभाळावी, अशी अपेक्षा असते. १९२७ च्या रेडिओ कायद्यातली ही शब्दयोजना १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्यात जशीच्या तशी आली. तिचा नेमका अर्थ काय, यावर तेव्हापासून खटले चालू आहेत.

परवाना केंद्राला मिळतो, नेटवर्कला नाही. एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स ही नेटवर्क कार्यक्रम पुरवतात. गावोगावची संलग्न केंद्रे ते दाखवतात. एखादा कार्यक्रम नाकारण्याचा हक्क केंद्राला असतो आणि जबाबदारीही शेवटी त्याचीच. त्यामुळे ‘अमुक नेटवर्कने डिबेट दाखवली नाही’ ही तक्रार वर्तमानपत्रात शोभते, आयोगापुढे तिला फारसे वजन नसते. सीएनएनसारख्या केबल वाहिन्यांना हा परवाना लागतच नाही.

केंद्रांवर अशा अटी घालता येतात, याचा घटनात्मक आधार १९६९ च्या रेड लायन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला. लहरी मोजक्या आहेत, मागणारे अनेक आहेत, म्हणून प्रसारकापेक्षा प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क मोठा, असे न्यायालयाने म्हटले. पाचच वर्षांनी, मायामी हेराल्ड खटल्यात, त्याच न्यायालयाने वर्तमानपत्रावर उमेदवाराचे उत्तर छापण्याची सक्ती करणारा फ्लोरिडाचा कायदा रद्द केला. कागद कोणालाही विकत घेता येतो, लहर घेता येत नाही, एवढ्या फरकावर हे सगळे बांधकाम उभे आहे. केबल आणि इंटरनेटच्या काळात ते किती टिकेल, ही शंका आता न्यायालयांतूनही व्यक्त होते.

समान संधीचे कलम

१९२७ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एका उमेदवाराला केंद्र वापरू दिले, तर त्या पदाच्या इतर उमेदवारांनाही समान संधी द्यावी. आणि लगेच पुढे: कोणत्याही उमेदवाराला केंद्र वापरू देण्याचे बंधन परवानाधारकावर नाही. हेच कलम १९३४ च्या कायद्यात ३१५ झाले. सर्वांना द्या किंवा कोणालाच देऊ नका, अशी ही मुभा होती. त्यातले दुसरे सोपे आणि स्वस्त होते.

याची परीक्षा १९५९ मध्ये शिकागोत झाली. अंकल सॅमचा पोशाख घालून प्रचार करणारे लार डेली महापौरपदाच्या शर्यतीत होते. विद्यमान महापौर रिचर्ड डेली यांच्याशी त्यांचे साम्य आडनावापुरतेच. महापौर विमानतळावर पाहुण्यांचे स्वागत करत असल्याची दृश्ये बातम्यांत आली, तेव्हा तेवढाच वेळ आपल्यालाही मिळावा, अशी मागणी लार डेलींनी केली. आयोगाने ती मान्य केली. याचा अर्थ, कोणत्याही निवडणुकीची बातमी देणे धोक्याचे झाले. काँग्रेसने त्याच वर्षी घाईने दुरुस्ती केली आणि चार प्रकार समान संधीतून वगळले: बातमीपत्र, बातमीसाठीची मुलाखत, बातमीपट आणि खऱ्याखुऱ्या बातमीयोग्य घटनेचे प्रत्यक्ष वृत्तांकन. वादचर्चा या चारांत बसते का, हे मात्र काँग्रेसने सांगितले नाही.

म्हणून १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या चर्चा घडवण्यासाठी काँग्रेसला वेगळा ठराव करून अध्यक्ष व उपाध्यक्ष पदांपुरते कलम ३१५ स्थगित करावे लागले. २६ सप्टेंबरला शिकागोच्या सीबीएस स्टुडिओत पहिली चर्चा झाली. एकूण चार झाल्या. तेव्हाच्या तिन्ही नेटवर्कनी त्या दाखवल्या, तेही कोणी सक्ती केली नसताना. १९५९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रश्नोत्तर स्पर्धांच्या लबाडीमुळे नेटवर्कची अब्रू गेली होती आणि ती सावरायला काहीतरी भारदस्त हवे होते, हे कारण इतिहासकार देतात. ते पटण्यासारखे आहे.

पुढची सोळा वर्षे अध्यक्षपदाची एकही वादचर्चा झाली नाही. १९६२ मध्ये आयोगाने वादचर्चा सवलतीच्या प्रकारांत बसत नाहीत असा निर्णय दिला, आणि तशी स्थगिती काँग्रेसने पुन्हा दिली नाही. १९६४ मध्ये आघाडीवर असलेल्या जॉन्सन यांना चर्चा नको होती. १९६८ आणि १९७२ मध्ये निक्सन यांना. कायद्याची अडचण आहे, हे कारण दोघांच्याही सोयीचे होते.

१९७५ ची पळवाट

सप्टेंबर १९७५ मध्ये आस्पेन इन्स्टिट्यूट आणि सीबीएस यांच्या अर्जांवर आयोगाने आपला जुना अर्थ बदलला. वादचर्चा प्रसारकाने न भरवता दुसऱ्या कोणी भरवली, ती स्टुडिओबाहेर झाली आणि थेट व पूर्ण दाखवली, तर ती ‘बातमीयोग्य घटना’ ठरेल. मग केंद्राला छोट्या पक्षांच्या उमेदवारांना समान वेळ द्यावा लागणार नाही. काँग्रेसच्या सदस्य शर्ली चिझम यांनी याला आव्हान दिले. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. लीग ऑफ विमेन व्होटर्स या संघटनेने यजमानपद घेतले आणि फोर्ड-कार्टर चर्चा ठरल्या.

या कायदेशीर कल्पनेत एक गृहीत धरलेले होते: चर्चा आपली आपण होते आहे, कॅमेरे केवळ बातमी टिपायला आले आहेत. २३ सप्टेंबर १९७६ रोजी फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट थिएटरमध्ये चर्चा संपत आली असताना प्रक्षेपणाचा आवाज गेला. जे काही चालले होते ते घटना म्हणून स्वतंत्र असते, तर दोघे बोलत राहिले असते. ते थांबले. सत्तावीस मिनिटे देशाचा अध्यक्ष आणि त्याचा आव्हानवीर आपापल्या मेजामागे जवळपास निश्चल उभे होते, आवाज परत येण्याची वाट पाहत. आयोगाच्या निर्णयावर एवढी नेमकी टीका कोणत्याही वकिलाने केली नसेल.

१९८३ मध्ये आयोगाने प्रसारकांना स्वतःच वादचर्चा भरवायला परवानगी दिली आणि उरलेला आडपडदाही गेला. यामुळे केंद्रांना भरपूर मोकळीक मिळाली. कोणाला बोलवायचे, किती वेळ, दाखवायचे की नाही, हे सगळे त्यांच्या संपादकीय विवेकावर. त्याआधीही, १९८० मध्ये कार्टर यांनी नकार दिल्यावर रेगन आणि अपक्ष जॉन अँडरसन यांची चर्चा बाल्टिमोरला झाली, तेव्हा एबीसीने ती न दाखवता चित्रपट लावला. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते.

विकत मिळते ते फुकट मिळत नाही

१९७१ च्या कायद्याने कलम ३१२ मध्ये भर पडली. संघराज्य पातळीवरच्या उमेदवाराला ‘वाजवी प्रवेश’ नाकारणाऱ्या केंद्राचा परवाना रद्द होऊ शकतो. कार्टर-माँडेल प्रचारसमितीने डिसेंबर १९७९ साठी अर्ध्या तासाचा वेळ मागितला, तिन्ही नेटवर्कनी तो नाकारला आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या, म्हणजे उमेदवाराच्या, बाजूने निकाल दिला. मतदानाआधीच्या साठ दिवसांत (प्राथमिक निवडणुकीत पंचेचाळीस) उमेदवाराच्या जाहिरातीला केंद्राचा सर्वांत कमी दर लावावा लागतो.

हा हक्क उमेदवाराचा आहे, प्रेक्षकाचा नाही. पैसे असलेला उमेदवार केंद्रावर येऊ शकतो. दोन उमेदवारांना समोरासमोर पाहण्याचा हक्क मतदाराला मागता येत नाही. केंद्रांचा हिशेबही सरळ आहे. निवडणुकीचा हंगाम म्हणजे जाहिरातींचे पीक, आणि अध्यक्षपदाच्या वादचर्चा पुष्कळ वर्षे जाहिरातीविना चालत. २०२४ मध्ये सीएनएन आणि एबीसी यांनी आपापल्या चर्चांत जाहिरातींसाठी मध्यंतरे घेतली, हा बदल म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावाने ओळखला जाणारा नियम सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा घडवणे आणि तिच्या दोन्ही बाजू दाखवणे केंद्रांवर बंधनकारक करत होता. वादचर्चेची सक्ती त्यातूनही निघत नव्हती, पण तिच्या सर्वांत जवळ जाणारा नियम तोच. आयोगाने तो १९८७ मध्ये सोडून दिला.

फोर्ब्स खटला

सक्तीचे उलटे परिणाम पाहायचे तर आर्कान्सास गाठावे. १९९२ मध्ये तिथल्या राज्य सरकारच्या सार्वजनिक वाहिनीने काँग्रेसच्या जागेसाठी चर्चा भरवली आणि मतपत्रिकेवर असलेले अपक्ष राल्फ फोर्ब्स यांना वगळले. फोर्ब्स न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. लगेच नेब्रास्काच्या सार्वजनिक वाहिनीने १९९६ ची ठरलेली सिनेट-चर्चाच रद्द केली. सगळ्यांना बोलवा म्हटल्यावर कोणालाच न बोलावणे सुरक्षित. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वाहिनीच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायमूर्ती केनेडी यांनी निकालपत्रात नेब्रास्काचे उदाहरण आवर्जून दिले. उमेदवाराच्या मतांमुळे नव्हे, तर त्याला पुरेसा लोकाधार नाही म्हणून वगळले असेल, तर ते चालते. लोकाधार चर्चेत आल्याशिवाय कसा मिळवायचा, या प्रश्नाला निकालात उत्तर नाही.

३ ऑक्टोबर २०००

बुश आणि गोर यांची पहिली चर्चा त्या रात्री बॉस्टनमध्ये झाली. फॉक्सने ती घेतली नाही. त्याच वेळी एका नव्या मालिकेचा पहिला भाग दाखवला. एनबीसीकडे बेसबॉलच्या सामन्याचे हक्क होते. सामना की चर्चा, हे तिने संलग्न केंद्रांवर सोडले. आयोगाचे अध्यक्ष विल्यम केनार्ड यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून दोन्ही नेटवर्कवर टीका केली: लहरी जनतेच्या, त्यांचे ऋण फेडायला हवे. पण आयोगाच्या अध्यक्षाला लेख लिहावा लागला, यातच त्याच्या हातात आदेश नव्हता हे दिसते.

केनार्ड यांच्या म्हणण्याला पार्श्वभूमी होती. डिजिटल प्रक्षेपणासाठी प्रत्येक केंद्राला नव्वदच्या दशकाअखेर सहा मेगाहर्ट्‌झची जादा लहर विनामूल्य मिळाली होती. बदल्यात काय घ्यावे, यासाठी नेमलेल्या ‘गोर कमिशन’ने (सीबीएसचे लेस्ली मूनव्हेस त्याचे एक सहअध्यक्ष होते) डिसेंबर १९९८ मध्ये सुचवले की, मतदानाआधीचे तीस दिवस केंद्रांनी रोज रात्री पाच मिनिटे उमेदवारांच्या म्हणण्याला द्यावीत. स्वेच्छेने. त्या स्वेच्छेचे पुढे फारसे काही झाले नाही. वेळ देणे कायद्याने बंधनकारक करण्यासाठी सिनेटर जॉन मॅकेन आणि सहकाऱ्यांनी विधेयक आणले, तेही संमत झाले नाही.

सक्तीच्या विरोधात प्रसारक भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा आणि कायद्यातील सेन्सॉरबंदीच्या कलम ३२६ चा आधार घेतात. बाजूने बोलणारे म्हणतात की, काय बोलावे हे सरकार सांगणार नसून केवळ वेळ राखला जाणार आहे. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते, पण सक्ती कोणत्या चर्चेची, हा प्रश्न तिलाही अडवतो. १९८७ मध्ये दोन मोठ्या पक्षांनी मिळून चर्चांसाठी एफसीसीहून वेगळा आयोग स्थापन केला. पुढच्याच वर्षी उमेदवारांच्या प्रचारसंघांच्या अटींना कंटाळून लीग ऑफ विमेन व्होटर्स जाहीरपणे बाहेर पडली. २०२४ मध्ये तर त्या आयोगाला वगळून थेट वाहिन्यांशीच सौदा झाला. अशा वेळी सक्ती करणे म्हणजे पक्षांनी आखलेला कार्यक्रम केंद्रांच्या गळ्यात बांधणे ठरू शकते. अध्यक्षपदाच्या चर्चा तशाही दाखवल्या जातात; २०१६ ची पहिली चर्चा सुमारे ८.४ कोटी लोकांनी पाहिली. खरी वानवा राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या लढतींची आहे आणि तिथे केंद्राने पाठ फिरवली तर दुसरा पडदा नसतो.

इतर देश

मेक्सिकोने सक्तीचा मार्ग घेतला. ६ मे २०१२ रोजी अध्यक्षपदाची चर्चा असताना टीव्ही अझ्टेकाने आपल्या मुख्य वाहिनीवर फुटबॉलचा सामना लावला आणि मालक रिकार्दो सालिनास प्लिएगो यांनी ट्विटरवरून प्रेक्षकसंख्येची भाषा केली. २०१४ च्या निवडणूक कायद्याने सार्वजनिक केंद्रांना अध्यक्षपदाच्या दोन अनिवार्य चर्चा दाखवणे बंधनकारक केले. निम्म्या किंवा अधिक प्रदेशात पोहोचणाऱ्या व्यापारी कंपन्यांनाही किमान एका वाहिनीवर त्या दाखवाव्या लागतात. अर्जेंटिनाने २०१६ मध्ये चर्चेत येणे उमेदवारांनाच बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये २०१० पासून नेत्यांच्या चर्चा होतात, पण कायद्याने नव्हे. २०१९ मध्ये हवामानावरील चर्चेला पंतप्रधान जॉन्सन आले नाहीत, तेव्हा चॅनल फोरने त्यांच्या जागी वितळणारा बर्फाचा गोळा ठेवला. नियामक ऑफकॉमने त्यावरची तक्रार फेटाळली.

भारतात लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगाल खटल्यात मांडले. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. निवडणूक आयोगाच्या १९९८ पासूनच्या योजनेनुसार मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन व आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो, आणि प्रसार भारती पक्षप्रतिनिधींच्या जास्तीत जास्त दोन चर्चाही भरवू शकते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ मध्ये आलेले कलम ३९अ वेळेच्या न्याय्य वाटपाबद्दल आहे. मे २०२४ मध्ये न्या. मदन लोकूर, न्या. अजित प्रकाश शहा आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. गांधींनी ते स्वीकारले. चर्चा झाली नाही. झाली असती, तरी ती दाखवण्याचे बंधन खासगी वृत्तवाहिन्यांवर नव्हते आणि दूरदर्शनवरही नव्हते.