पन्नास सीसीची रेघ : सोळाव्या वर्षीच्या लायसनमागचा इतिहास

अकरावीत प्रवेश झाला की घरात गाडीचा विषय निघतोच. क्लास लांब असतो, बस वेळेवर येत नाही, आणि ‘सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन मिळतं’ असं कुणीतरी खात्रीने सांगतं. काही वर्षं हे अक्षरशः खरं होतं. आज ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मुलांच्या जिवावर नि पालकांच्या अंगावर येऊ शकतं. म्हणून ही सवलत कशी बदलत गेली, ते पाहायला हवं.

देशभर लागू झालेला पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्यात सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी वयाची अट १८ वर्षांची होती. त्या काळी दुचाकी म्हणजे बहुतेक गिअरची मोटारसायकलच. पुढे मुंबईत लॅम्ब्रेटा, मद्रासला एनफिल्ड आणि पुण्यात बजाजची व्हेस्पा आली, तरी क्लच-गिअर सांभाळण्याचं कसब लागायचंच. चित्र बदललं ते मोपेडने. कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लुना बनवायला सुरुवात केली. इंजिन ५० सीसीचं, जोडीला सायकलसारखी पायडलं आणि गिअरची भानगड नाही. शिक्षिका, दूधवाले, कॉलेजची मुलं अशा कितीतरी जणांची ती पहिली गाडी ठरली.

सध्याचा कायदा १९८८ चा आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये किमान वय १८ ठेवलं, पण ‘विनागिअर मोटारसायकल’ सोळाव्या वर्षी चालवायची मुभा दिली. इंजिन केवढं असावं, हे मात्र त्यात म्हटलेलं नव्हतं. तोवर कायनेटिक होंडाही रस्त्यावर आलेली होती. विनागिअरच, पण ९८ सीसीची! लुना आणि ती, दोन्हींना एकच नियम. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात कुठली गाडी द्यायची याची मोजपट्टी गिअर ही असूच शकत नव्हती. प्रश्न वेगाचा आणि वजनाचा होता.

१९९४ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून लागू झाली. कलम ४ मधले ‘विनागिअर’ हे शब्द गेले आणि ‘५० सीसीपेक्षा जास्त नाही अशा क्षमतेची मोटारसायकल’ असे शब्द आले. बदल योग्यच होता, पण अर्धवट राहिला, कारण लायसनवरचे वर्ग जुनेच राहिले : गिअरची मोटारसायकल आणि विनागिअर मोटारसायकल. म्हणजे वय ठरतं सीसीवर आणि वर्ग ठरतो गिअरवर. आजचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मुलाच्या हातात विनागिअरचं लायसन पडतं आणि घरच्यांना वाटतं, आता कुठलीही स्कूटर चालेल.

बाजार मात्र उलट दिशेने गेला. नव्वदच्या दशकातली स्कूटी ६० सीसीची होती. २००१ मध्ये आलेली अॅक्टिव्हा १०२ सीसीची. आता स्कूटर साधारण ११० ते १२५ सीसीच्या असतात आणि खेड्यापाड्यांत दिसणारी एक्सएल १०० मोपेडही शंभर सीसीच्या घरात आहे. शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल गाडी मिळतच नाही. लायसन आहे, पण त्यावर चालवायची गाडीच नाही, अशी ही स्थिती. ‘चालतं हो, कोण बघतंय’ असं म्हणणाऱ्यांनी निदान पालकांना हे स्पष्ट सांगायला हवं.

कारण १ सप्टेंबर २०१९ पासून हिशेब फार कडक झाला आहे. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपयांवर गेला. नव्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला ठाऊकच नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच. मुलाकडे लायसन असेल आणि ते ज्या गाडीसाठी आहे तीच तो चालवत असेल, तरच ही जबाबदारी टळते. ५० सीसीच्या लायसनवर अॅक्टिव्हा चालवणारा मुलगा या अपवादात बसत नाही. पुण्यात १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दुचाकीवरच्या दोघांचा जीव गेला, तेव्हा या कलमाची चर्चा घराघरांत झाली. तोवर ते किती पालकांनी वाचलं असेल?

विजेच्या दुचाकींनी आणखी एक पेच आणला आहे. त्यांना सीसी हे माप लागूच पडत नाही. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची हलकी गाडी केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहनातच मोडत नाही, म्हणून तिला लायसन लागत नाही. निदान इथे तरी मोजपट्टी ताकदीची आणि वेगाची आहे. माझ्या मते सोळा ते अठरा वयोगटासाठीही अशीच स्पष्ट वेगमर्यादा कायद्यात लिहायला हवी. लुनाचं नाव २०२४ मध्ये विजेवर परत आलं आहे, पण ई-लुनाचा वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे तिला लायसन लागणारच.