दोन प्रतले रेषेतच का छेदतात?

दोन प्रतले (सर्व बाजूंनी पसरलेले सपाट पृष्ठभाग) एकमेकांना छेदत असतील तर छेद सरळ रेषाच असतो, हे ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मधल्या अकराव्या खंडाचे तिसरे प्रमेय. इ.स.पू. ३०० च्या सुमारासची ही सिद्धता अगदी त्रोटक आहे. छेदावरचे दोन बिंदू घ्या. छेद सरळ नसेल तर त्या बिंदूंना जोडणारी एक सरळ रेषा पहिल्या प्रतलात काढता येईल, दुसरी दुसऱ्यात. मग दोन सरळ रेषा मिळून क्षेत्र वेढतील, आणि ते अशक्य.

मेख आहे ती पहिल्याच पायरीत. छेदावर दोन बिंदू सापडतील, हे युक्लिड न बोलता धरून चालतो. प्रतले एकाच बिंदूपाशी भेटली तर? जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीचा पाया नव्याने रचताना हे उघडपणे गृहीतक म्हणून मांडले: दोन प्रतलांत एक बिंदू सामाईक असेल तर आणखी किमान एक असतोच. दिसायला किरकोळ, पण अवकाशाला तीनच मिती आहेत हे खरे तर इथे सांगितले जाते. चार मितींच्या अवकाशात चार अक्ष घेतले, तर पहिल्या दोन अक्षांचे प्रतल आणि उरलेल्या दोघांचे प्रतल यांत फक्त आरंभबिंदू सामाईक उरतो.

व्यवहाराचे मात्र या तपशिलावाचून काहीच अडले नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत गणिती गास्पार मोंजने तटबंदीची आखणी कागदावर सोडवण्याची रीत काढली. प्रत्येक तिरके प्रतल आडव्या पातळीला एका रेषेत छेदते, उभ्या पातळीला दुसऱ्या. दोन प्रतलांच्या आडव्या रेषा मिळतात तो एक बिंदू, उभ्या मिळतात तो दुसरा. ते जोडले की छेदनरेषा हाती येते. लष्कराने ही रीत बरीच वर्षे गुप्त ठेवली. मोंजने ती उघडपणे शिकवली १७९५ मध्ये, पॅरिसमध्ये.

दरम्यान बीजगणितही पुढे सरकले होते. फ्रेंच गणिती क्लेरोने १७३१ मध्ये अवकाशातले वक्र तीन निर्देशकांनी मांडले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता! पुढे प्रतल म्हणजे एकघाती समीकरण हे रूढ झाले. क्ष + य + झ = ६ आणि क्ष − य + झ = २ यांची वजाबाकी केली की य = २, आणि क्ष + झ = ४. ही झाली छेदनरेषा. अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जने १८८० च्या दशकात सदिशांची (लांबी आणि दिशा असलेल्या राशींची) भाषा रुळवल्यावर छेदनरेषेची दिशा दोन अभिलंबांच्या (प्रतलांना लंब असणाऱ्या सदिशांच्या) सदिश गुणाकारातून थेट मिळू लागली: इथे (१, ०, −१). गुणाकार शून्य आला तर प्रतले समांतर किंवा एकच.