तारेचा झोळ

दोन मनोऱ्यांमधली वीजवाहिनी कधीच ताठ नसते, मधोमध ती झोळ खाते. तो झोळ मुद्दाम ठेवलेला असतो. वाहिनीतून किती वीज न्यायची हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. तार वितळण्याची भीती फार पुढची.

प्रवाह वाढला की तार तापते, तापली की लांबते. ३०० मीटरच्या अंतरात ६ मीटर झोळ असेल, तर तारेची लांबी सरळ अंतरापेक्षा जेमतेम ३२ सेंटिमीटर जास्त भरते. तारेचं तापमान ६० अंशांनी चढलं की साधारण तेवढीच आणखी भर पडते. झोळ मात्र दोन मीटरहून अधिक खाली येतो! आकडेमोड स्वतः करून पाहीपर्यंत मला हे खरं वाटलं नव्हतं.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायोत ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या खालच्या झाडांना लागून पाठोपाठ बंद पडल्या. पहिलीवर तर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता. तिथे नडली ती न छाटलेली झाडं. पण तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्या तापून आणखी खाली आल्या. त्याच दुपारी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

जास्त वीज न्यायला नवी वाहिनी टाकायची तर जागा आणि परवानग्यांत वर्षं जातात. व्होल्टेज दुप्पट केलं तर तेवढ्याच विजेला निम्मा प्रवाह पुरतो, तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. पण मग इन्सुलेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं बदलावं लागतं. म्हणून कित्येकदा मनोरे तेच ठेवून फक्त तार बदलतात.

जुनी तार कापून पाहिली तर मध्ये पोलादाच्या सात तारा आणि भोवती पीळ दिलेलं ॲल्युमिनियम दिसतं. वजन पोलाद पेलतं, वीज ॲल्युमिनियम नेतं. नव्या प्रकारात पोलादाच्या जागी कार्बन तंतूंचा गाभा असतो. तो तापला तरी जवळजवळ लांबत नाही, शिवाय हलका. बाहेरच्या तारा गोल नसून पाचरीसारख्या, त्यामुळे फटी राहत नाहीत आणि तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियम जास्त बसतं. त्याच मनोऱ्यांवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते.

हा गाभा ओढताना मात्र जपावं लागतं. तीव्र कोनात वाकला तर तो आतल्या आत मोडतो, आणि वरून तार धडधाकट दिसत राहते.