पाकीट फेकू नका, शिक्का मारा

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. तरीही त्यांच्यातल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. गर्दीत पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळत होती, आणि पाठवणारी यंत्रं तीच पुन्हा पुन्हा पाठवून गर्दीत भर घालत होती. १९८८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी तोडगा मांडला: पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजायचं आणि वेग उतरवायचा. इंटरनेट तगलं ते याच शिस्तीवर.

पण या शिस्तीत एक खोट आहे. गर्दीची बातमी कळायला आधी डेटा गमवावा लागतो. मोठी फाइल डाउनलोड होत असेल तर मधलं पॅकेट गेल्याचं मागून येणाऱ्यांच्या पोचपावत्यांवरून सर्व्हरला चटकन कळतं. उत्तर छोटं असेल आणि त्याचं शेवटचंच पॅकेट गळालं, तर मागून काहीच येत नाही. मग सर्व्हर मुदत संपेपर्यंत वाट बघत बसतो. लिनक्स या संगणकप्रणालीत ती एरवी किमान २०० मिलिसेकंद असते. हल्ली सर्व्हर त्याआधीच चाचपणीसाठी एक पॅकेट पाठवून बघतो, पण हरवलेलं पुन्हा पाठवण्याचा फेरा काही चुकत नाही.

हा फेरा वाचवते ती ‘एक्स्प्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन’, म्हणजे ईसीएन. के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांनी १९८०च्या दशकातच अशी कल्पना मांडली होती. टीसीपीसाठीचं, म्हणजे डेटा नीट पोचवण्याच्या इंटरनेटच्या नियमावलीसाठीचं, आजचं मानक आलं २००१ मध्ये. रामकृष्णन, सॅली फ्लॉइड आणि डेव्हिड ब्लॅक यांनी लिहिलेलं. पॅकेटच्या आयपी हेडरमधले (पत्ते असलेल्या सुरुवातीच्या भागातले) दोन बिट यासाठी राखलेले आहेत. त्यांतला एक १ करून सर्व्हर सांगतो की मला ही खूण समजते. वाटेतल्या राउटरची रांग वाढू लागली की तो पॅकेट फेकून न देता दोन्ही बिट १ करतो, म्हणजे शिक्का मारतो, आणि पुढे धाडतो. घेणारा ही खबर पोचपावतीतून परत कळवतो, सर्व्हर वेग उतरवतो. डेटा मात्र पोचलेला असतो!

इतकी सरळ गोष्ट वर्षानुवर्षं अडून राहिली, कारण काही फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणा) कनेक्शन जोडताना ईसीएनची विचारणा करणारे अनोळखी बिट दिसताच कनेक्शनच तोडत. म्हणून लिनक्सने सावध वाट धरली. तिथल्या ‘टीसीपी ईसीएन’ या सेटिंगची मूळ किंमत २ असते: समोरच्याने विचारलं तर हो म्हणायचं, आपण होऊन विचारायचं नाही. २०१५ मध्ये ॲपलने आपल्या आयफोन आणि मॅकमधून विचारणा सुरू करायचं जाहीर केलं, आणि हो म्हणायला तयार बसलेल्या सर्व्हरांना काम मिळालं.

सर्व्हर स्वतःही बाहेर कनेक्शन जोडत असेल, तर ही किंमत १ करावी असं माझं ठाम मत आहे. जुन्या फायरवॉलची भीती आता फारशी उरलेली नाही: पहिल्या विचारणीला उत्तर आलं नाही, तर लिनक्स ईसीएन सोडून साध्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करतो.

खरी उणीव आहे ती वाटेत. जिथे रांग लागते तो राउटर शिक्काच मारत नसेल, तर दोन्ही टोकांची तयारी वाया जाते. ही रांग बहुतेकदा घरच्या राउटरपाशी किंवा इंटरनेट पुरवठादाराच्या शेवटच्या टप्प्यावर लागते. ‘एफक्यू-कोडेल’सारखी रांग सांभाळणारी पद्धत असलेले राउटर असा शिक्का मारतात, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीत ती आधीपासूनच चालू असते. पुरवठादारांनी आपल्या यंत्रणेत हे केलं, तर व्हिडिओ कॉल आणि गेम खेळणाऱ्यांना त्याचा फायदा सर्वात आधी जाणवेल.